मुलाचा ‘मूड’ बाबांनी भरायचा नसतो

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे बाबा मूळचे सांगलीचे, अठरा वर्षांपासून अमेरिकेत, सध्या अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरात. मुलगा पंधरा वर्षांचा, तिथेच जन्मलेला. नववी संपत आली आहे, जीपीए (गुणांची सरासरी, चारपैकी) 3.4. घराजवळच्या पब्लिक शाळेच्या संघातून फुटबॉल खेळतो. फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, अंडाकृती चेंडूचा अमेरिकन. जागा लेफ्ट गार्डची. गेल्या मोसमात शाळेचा मोठा संघ एका खासगी शाळेकडून चाळीसहून अधिक गुणांनी हरला. बाबा लिहितात, “खासगी शाळा कुठूनही पोरं उचलतात, आमच्या शाळेला हद्द आखून दिलेली. ही लढत बरोबरीची नाहीच. मग माझ्या मुलाने इथे राहून नुकसान का सोसायचं?” त्यांच्यापुढे दोन रस्ते आहेत. एक, त्या खासगी शाळेत घालायचं. तिथल्या एका सहायक प्रशिक्षकाने “फीचं बघू” असं कानात सांगितलंय. दोन, बलाढ्य संघ असलेल्या दुसऱ्या पब्लिक शाळेच्या हद्दीत एका मित्राच्या फ्लॅटचा भाडेकरार करायचा आणि पत्ता तिथला दाखवायचा. राहायचं मात्र आहे तिथेच. सोबत एक एक्सेलची फाईल जोडली आहे.

सस्नेह नमस्कार,

पत्र एकदा वाचलं, पण तुमची फाईल तीनदा उघडली. वजन 185 पौंडांवरून 225 वर न्यायचंय. चाळीस यार्ड धावायला लागलेला वेळ, सकाळची सहा अंडी, साडेचारचा गजर, झोपेचे तास, सगळं तारीखवार नोंदलेलं. आणि शेवटचा रकाना ‘मूड’. तिथे चार महिने रोज एकच शब्द आहे: ठीक. तुम्हीच लिहिलंय की फाईल तुम्ही रात्री ऑफिसचं काम आटोपल्यावर भरता. म्हणजे मुलाचा मूड ठीक होता की नव्हता, हे चार महिने तुम्ही ठरवत होतात.

दुसरी गोष्ट पत्राच्या चौथ्या परिच्छेदात कंसात सापडली. “(चिरंजीवांना मित्र सोडवत नाहीत, याच शाळेत खेळायचं म्हणतात, पण ते वयच तसं असतं.)” अडीच पानांच्या पत्रात त्याचं म्हणून एवढं एकच वाक्य, आणि तेही तुम्ही अर्ध्यावर खोडून टाकलंत. मला सर्वांत जास्त काळजी या कंसाची वाटते, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करते.

गार्ड ही कशी जागा आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, वाचकांसाठी सांगते. चेंडू त्याच्या हातात जवळजवळ कधीच येत नाही. समोरून अंगावर येणाऱ्याला थोपवायचं आणि मागच्याला वाट करून द्यायची, एवढंच काम. स्टेडियममध्ये नाव पुकारतात ते चेंडू घेऊन धावणाऱ्याचं. इथे पोरगा टिकतो तो शेजारच्या चौघांच्या भरवशावर. डावीकडचा टॅकल कधी सरकेल आणि मधला सेंटर कोणत्या क्षणी चेंडू मागे देईल, हे त्याला न बघता कळावं लागतं. ते कळायला एकत्र घालवलेले मोसम लागतात. तेव्हा “मित्र सोडवत नाहीत” याला नुसती हळवेपणाची गोष्ट समजू नका. त्याच्या जागेवरच्या मुलासाठी ते खेळाचंही कारण आहे, आणि मला वाटतं हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, खासगी आणि पब्लिक शाळांची लढत बरोबरीची आहे का. नाही. यात तुमचं काहीही चुकलेलं नाही. पब्लिक शाळेला हद्द असते आणि हद्दीत जी मुलं राहतात तीच तिची. खासगी शाळेला तीस मैलांवरून मूल येऊ शकतं. शिवाय पटसंख्येवर गट पाडले की तीनशे मुलांची निवडक खासगी शाळा आणि तीनशे मुलांची खेड्यातली शाळा एका गटात येतात. कागदावर त्या सारख्या दिसतात, मैदानावर नसतात. हे तिथल्या लोकांना फार आधीपासून कळतं. शेजारच्या अलाबामात 1999 पासून खासगी शाळेची पटसंख्या 1.35 ने गुणून गट ठरवायला लागले, म्हणजे ती मोठ्या शाळांच्या गटात जाते. इलिनॉयमध्ये 2005 मध्ये 1.65 हा आकडा आला. टेक्सासने तर मुळातच दोन चुली मांडल्यात, मोजके अपवाद सोडले तर खासगी शाळांची संघटनाच निराळी. तुमच्या जॉर्जियातही दक्षिणेकडच्या लहान पब्लिक शाळांनी राज्याच्या क्रीडा संघटनेतून बाहेर पडण्याची भाषा केली, तेव्हा 2012 मध्ये सगळ्यांत लहान गटात पब्लिक आणि खासगी प्लेऑफ (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्या) वेगळे झाले. 2020 मध्ये हद्दीबाहेरून येणारा प्रत्येक विद्यार्थी दोन धरायचा नियम आला, 2022 मध्ये एकाचे तीन झाले, आणि 2024 पासून लहान गटांतल्या खासगी शाळांचे प्लेऑफ पुन्हा वेगळे केले गेले.

यातली एक गोष्ट लक्षात घ्या. जॉर्जियाचा गुणक ‘खासगी’ या पाटीवर लावलेला नाही, हद्दीबाहेरच्या मुलावर लावलेला आहे. मूल कुठून आलं हा खरा प्रश्न आहे, शाळा कोणाची हा नाही. ज्या पळवापळवीने तुमचा संताप होतो, तीच तुम्ही भाडेकराराच्या कागदावर करायला निघाला आहात.

हे कडक वाटेल, पण मोघम बोलून चालणार नाही. खोटा पत्ता दाखवू नका. तिथल्या नियमाप्रमाणे अख्खं कुटुंब खरोखर घर बदलून गेलं पाहिजे, जुनं घर सोडलं पाहिजे. तसं न करता शाळा बदलली तर साधारणपणे वर्षभर मोठ्या संघात खेळता येत नाही. खासगी शाळेत गेलात तरी हा प्रश्न तुमच्यापुढे उभा राहतोच, आणि हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. खोटेपणा उघडकीला आला तर अपात्र खेळाडू खेळवला म्हणून संघाचे जिंकलेले सामनेही काढून घेतले जातात. असं एक घर मी जवळून पाहिलं आहे, राज्य सांगत नाही. पालकांनी सही केलेला करार होता, त्या फ्लॅटचं वीजबिल मात्र शून्याच्या आसपास. कोणीतरी तक्रार केली. उरलेल्या मोसमात तो मुलगा दर शुक्रवारी बाजूच्या रेषेवर उभा असायचा. अंगात संघाची जर्सी, पण खाली खांद्याची पॅड नाहीत, त्यामुळे ती जर्सी त्याच्या अंगावर लोंबत होती. हातात पाण्याच्या बाटल्या. काढून घेतलेल्या सामन्यांसाठी वर्गातली मुलं त्याच्याकडे बघत होती, त्याच्या वडिलांकडे नाही.

त्या सहायक प्रशिक्षकाबद्दलही सांगते. जॉर्जियात खेळासाठी फी माफ करता येत नाही. मदत द्यायची ती घरची आर्थिक गरज बघून. खेळाडूला असं कानात सांगून ओढणं नियमबाह्य आहे. जो माणूस पहिल्याच भेटीत नियम वाकवायला तयार आहे, तो तुमच्या मुलाचा गुडघा दुखावल्यावर कसा वागेल याचा विचार करा.

या संदर्भात टेनेसीतला एक खटला तुम्ही जरूर वाचावा. 1997 मध्ये ब्रेंटवूड अकॅडमी या खासगी शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाने आठवीतल्या काही मुलांना पत्र पाठवलं: वसंतातल्या सरावाला या, साहित्य तेव्हाच मिळेल. खाली सही होती, ‘तुमचा प्रशिक्षक’. मुलांचा प्रवेश तर आधीच ठरलेला होता. तरीही राज्याच्या क्रीडा संघटनेने शाळेला 3000 डॉलर दंड केला आणि दोन वर्षं प्लेऑफची बंदी घातली. एका साध्या पत्रावरून प्रकरण दोनदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2001 मध्ये न्यायालयाने ठरवलं की अशी संघटना शासनाचाच भाग मानायची, म्हणजे तिला राज्यघटनेचं बंधन आहे. 2007 मध्ये निकाल संघटनेच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या निकालपत्रातला मुद्दा असा की आठवीपर्यंतच्या शाळेतल्या कोवळ्या मुलांच्या मागे प्रशिक्षक हात धुऊन लागले तर त्यांचा गैरफायदा घेतला जाईल आणि अभ्यासापेक्षा खेळ मोठा होऊन बसेल.

दहा वर्षं भांडून हा देश एवढ्या निष्कर्षाला आला, की तेरा-चौदा वर्षांच्या मुलावर मोठ्या माणसाने असा दबाव आणू नये. पण तो नियम प्रशिक्षकासाठी आहे. पहाटे साडेचारला स्वतःच्या बापाने उठवलं तर त्या मुलाने कोणाकडे जायचं?

आता तुमच्या मनातला एक गैरसमज, कारण सगळी घाई त्यातून आली आहे. तुम्ही लिहिता, “खासगी शाळेत गेला की कॉलेजची स्कॉलरशिप पक्की.” आपल्याकडे दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, तसा काहीतरी हिशेब तुमच्या डोक्यात असावा. तिथे तसं काही नाही. हायस्कूलमध्ये हा खेळ खेळणारी मुलं दहा लाखांच्या घरात आहेत. कॉलेजच्या खेळांची संघटना असलेल्या एनसीएएच्याच अंदाजाप्रमाणे शंभरातली साधारण सात पुढे कॉलेजच्या कुठल्या तरी संघात पोचतात, आणि पहिल्या श्रेणीत जेमतेम तीन. त्या सातांपैकी तिसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्यांना खेळाची शिष्यवृत्ती मिळतच नाही. मोठ्या विद्यापीठांच्या संघांना पूर्वी 85 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. 2025 च्या न्यायालयीन समझोत्यानंतर त्याऐवजी 105 खेळाडूंची मर्यादा आली. जागा वाढल्या असं वाटेल, पण आता प्रशिक्षक दुसऱ्या कॉलेजातून येणारा एकवीस वर्षांचा तयार गडी घेणं पसंत करतात, हायस्कूलच्या पोराला वाढवत बसायला त्यांना सवड नाही. शाळेच्या नावाने यात फार फरक पडत नाही. उंची, पायांची चपळाई आणि सामन्यांचं चित्रण ते बघतात, आणि चित्रण व्हायला मैदानावर उतरावं लागतं. खासगी शाळेत तो कदाचित वर्षभर बाहेर बसेल आणि मग तिसऱ्या क्रमांकाचा गार्ड असेल. आत्ताच्या शाळेत पुढच्या वर्षी तो सुरुवातीपासून मैदानात असेल, हे तुमच्याच पत्रात आहे.

बाकी रस्ते तुम्हाला माहीत असतील. एनसीएएच्या पहिल्या श्रेणीसाठी सोळा मुख्य विषय आणि त्यांत किमान 2.3 जीपीए लागतो, तो त्याला सहज जमेल. जॉर्जियाच्या होप शिष्यवृत्तीला, जी खेळावर नव्हे तर अभ्यासावर मिळते, मुख्य विषयांत 3.0 लागतो. मुलगा तिथलाच नागरिक आहे, म्हणजे ही मदत आजच त्याच्या हाताच्या अंतरावर आहे. अडीच पानांत ‘होप’ हा शब्द एकदाही नाही.

तुमची शाळा हरली त्याचं वाईट वाटणं खरं आहे आणि ते सोडून द्या असं मी म्हणणार नाही. पालकांची सह्यांची मोहीम काढायचीय असंही तुम्ही लिहिलंय. जरूर काढा. तुमच्या गटातही हद्दीबाहेरच्या मुलांचा हिशेब कडक करा, अशी मागणी शाळेच्या प्राचार्यांमार्फत राज्य संघटनेपर्यंत न्या. 2012 चा बदल लहान शाळांनी असाच रेटा लावून घडवला. फक्त ते काम तुमचं आहे, मोठ्यांचं. त्यासाठी पंधरा वर्षांच्या पोराने 225 पौंडांचं व्हायची गरज नाही. चाळीस पौंड वाढवण्याचा हा बेत डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एक दिवसही पुढे नेऊ नका. सहा अंडी आजपासून बंद केलीत तरी काही बिघडणार नाही.

शाळा बदलू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पण माझं मतही दुय्यम आहे. या शनिवारी त्याला गाडीत घेऊन कुठेतरी लांब जा. समोरासमोर बसून पोरं बोलत नाहीत, शेजारी बसून बोलतात. फुटबॉलचं तुम्ही काढू नका. त्याने काढलं तर ऐका, मध्ये आकडे घालू नका. त्याला अजून खेळायचं आहे का, एवढं विचारायची वेळ आली तर विचारा, आणि “नाही” हे उत्तर आलं तर ते कंसात टाकू नका.

पुढचं पत्र तुम्ही लिहू नका, त्याला लिहू द्या. मराठी लिहिता येत नसेल तर इंग्रजीत चालेल, दोन ओळी असल्या तरी चालतील. ते तुम्हाला न दाखवता पाठवायची मुभा त्याला द्या. मी त्याला उत्तर देईन.