स्पॅनिशमध्ये ‘लवकर बरे व्हा’ कसं म्हणायचं?
वाचकांचे प्रश्न, भाषाशिक्षकांची उत्तरं

प्रश्न : मी मिहानमधल्या एका कंपनीत काम करते. माद्रिदच्या ऑफिसातली माझी सहकारी आजारी आहे. ‘बरी हो’ असं ॲपमध्ये टाकलं, तर ‘से बुएना’ असं उत्तर आलं. हेच पाठवू का?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : नका पाठवू. ‘से बुएना’ म्हणजे ‘शहाण्यासारखी वाग’. खोड्या करणाऱ्या मुलीला आई असं म्हणते. ॲप चुकलं, कारण स्पॅनिशमध्ये ‘असणे’ या अर्थाची दोन क्रियापदं आहेत. ‘सेर’ स्वभाव आणि ओळख सांगतं, तर ‘एस्तार’ सध्याची अवस्था. तब्येतीला ‘एस्तार’च लागतं : ‘एस्तास एन्फेर्मा’, तू आजारी आहेस. मात्र ‘एस्तार’पुढे ‘बुएना’ही लावू नका. स्पेनमध्ये ‘एस्तास बुएना’चा अर्थ ‘काय आकर्षक दिसतेस’ असा घेतला जातो आणि ऑफिसात तो महागात पडेल. ‘तू बरी असशील अशी आशा आहे’ हे ‘एस्पेरो के एस्तेस ब्येन’ असं लिहा.

रोजच्या वापरातली शुभेच्छा आहे ‘के ते मेखोरेस प्रोन्तो’. ‘तुला लवकर बरं वाटो’ मधल्या ‘वाटो’चं काम इथे क्रियापदाचा शेवट करतो. ‘ते मेखोरास’ म्हणजे ‘तू बरी होतेस’, नुसती माहिती. शेवटचा ‘आ’ जाऊन ‘ए’ आला की ‘ते मेखोरेस’ होतं आणि सुरुवातीच्या ‘के’सोबत ती शुभेच्छा बनते. नवशिके हमखास दोन ठिकाणी चुकतात. एक तर ‘आ’ तसाच ठेवतात. दुसरी चूक जास्त वाईट : ‘ते’ गाळतात. नुसतं ‘मेखोरा’ म्हणजे ‘सुधारणा कर’, आणि आजारपणात सहकाऱ्याकडून तसा निरोप आला की माणसाला वाटतं, आपल्या कामाबद्दल तक्रार आहे.

पूर्ण निरोप असा लिहिता येईल :

‘ओला, आना: मे आन दीचो के एस्तास एन्फेर्मा. के ते मेखोरेस प्रोन्तो. नो ते प्रेओकूपेस पोर एल त्राबाखो. उन आब्रासो.’

(आना, तू आजारी आहेस असं कळलं. तुला लवकर बरं वाटो. कामाची काळजी करू नकोस. एक मिठी.) नावापुढे स्पॅनिशमध्ये अपूर्णविराम देतात, स्वल्पविराम नव्हे. ‘मिठी’ वाचून बिचकू नका. ओळखीच्या सहकाऱ्याला निरोपाच्या शेवटी ती लिहिणं तिथे अगदी साधं आहे. पुरुष आजारी असेल तर ‘एन्फेर्मा’ऐवजी ‘एन्फेर्मो’.

वरिष्ठांसाठी आदरार्थी रूप ‘के से मेखोरे प्रोन्तो’. मेल औपचारिक असेल तर ‘ले देसेओ उना प्रोन्ता रेकुपेरासिओन’. पण स्पेनच्या अनेक ऑफिसांत साहेबालाही ‘तू’ म्हणतात, तर कोलंबियात मित्रालाही ‘उस्तेद’, म्हणजे ‘आपण’, म्हणणारे भेटतात. त्यामुळे नियम पाठ करण्यापेक्षा समोरच्याचे जुने मेल उघडून ती व्यक्ती तुम्हाला काय म्हणते ते बघा आणि तेच वापरा. आजारी तिची आई असेल तर ‘एस्पेरो के तू माद्रे से मेखोरे’ लिहा. इथे ‘तू माद्रे’ (तुझी आई) गाळू नका, कारण ‘से मेखोरे’ हेच रूप ‘आपण’लाही चालतं आणि कोण आजारी आहे ते कळत नाही.

प्रश्न : मेक्सिकोतल्या ग्राहकाला फोनवर बोलायचं आहे. उच्चार कसे करू?
— एक विद्यार्थी, सीताबर्डी

उत्तर : इंग्रजीसारखं वाचलं की ‘क्यू ते मेजोरेस’ होतं आणि समोरच्याला काही कळत नाही. ‘के’मधला रोमन ‘यू’ मुका असतो. ‘मेखोरेस’मध्ये रोमन ‘जे’ लिहितात, पण स्पेनमध्ये तो घशातून घासत येणारा ‘ख’ असतो. मेक्सिकोत तो बराच सौम्य, ‘ह’कडे झुकणारा : ‘मेहोरेस’. जोर ‘हो’वर द्या. ‘ते’ आणि ‘प्रोन्तो’मधला ‘त’ मात्र मराठीतल्या ‘त’सारखाच दातांना जीभ लावून म्हणा. इंग्रजीच्या सवयीने तिथे ‘ट’ आणू नका. मराठी माणसाला हे आयतंच मिळालेलं आहे.

मेक्सिकोत ‘के ते आलिब्येस’ही म्हणतात. मात्र ‘आलिब्यार्से’ हे क्रियापद तिथे बाळंत होण्यासाठीही वापरतात, म्हणून गरोदर बाईच्या बाबतीत ‘मेहोरेस’च बरं. दोन-चार दिवसांनी पुन्हा फोन केलात तर ‘कोमो सीगेस?’ विचारा, म्हणजे ‘आता कसं वाटतंय?’. सर्दीला ‘रेस्फ्रियादो’ म्हणा. ‘कोन्स्तिपादो’ स्पेनमध्ये सर्दी झालेला, पण मेक्सिकोत बद्धकोष्ठ झालेला.

प्रश्न : बार्सिलोनातल्या मैत्रिणीचं मोठं ऑपरेशन आहे. तिच्या वडिलांना तर असाध्य आजार आहे. दोघांनाही हेच लिहायचं का?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : नाही. ऑपरेशनआधी ‘के तोदो साल्गा ब्येन’ (सगळं नीट पार पडो) लिहा. नंतर ‘एस्पेरो के ला ओपेरासिओन आया सालीदो ब्येन’.

जिथे बरं होण्याची आशा उरलेली नाही, तिथे ‘लवकर बरे व्हा’ लिहिलं तर त्या माणसाला आपली परिस्थिती कुणाला कळलीच नाही असं वाटतं. मैत्रिणीला ‘एस्तोय कोन्तीगो’ (मी तुझ्यासोबत आहे) आणि ‘मूचो आनिमो’ (धीर धर) लिहा. वडिलांसाठी ‘उन आब्रासो मुय फुएर्ते पारा तू पाद्रे’ पुरे. आराम करायला सांगताना ‘देस्कान्सा’ एवढंच लिहा. ॲपमध्ये ‘शांतपणे आराम कर’ टाकलंत आणि त्यापुढे ‘एन पास’ जोडून आलं, तर ते खोडा. ते मृतासाठी लिहितात.

प्रश्न : उलटं उद्गारचिन्ह आणि अक्षरांवरच्या तिरक्या रेघा टाइप कशा करायच्या?
— एक वाचक, महाल

उत्तर : मोबाइलवर जीबोर्डच्या (गूगलच्या कीबोर्डच्या) सेटिंगमध्ये भाषांत स्पॅनिश जोडा. स्वर दाबून धरला की रेघेचा पर्याय वर येतो, आणि चिन्हांच्या पानावर उद्गारचिन्ह दाबून धरलं की उलटं मिळतं. विंडोजवर ‘ऑल्ट’ दाबून उजवीकडच्या आकड्यांवर १७३ टाका, उलटं उद्गारचिन्ह येईल. रेघेच्या ‘आ’साठी १६०, ‘ए’साठी १३०, ‘इ’साठी १६१, ‘ओ’साठी १६२, ‘उ’साठी १६३. आकडे आले नाहीत तर ‘नम लॉक’ बंद आहे का ते बघा.

रेघ जोर कुठे द्यायचा ते सांगते, आणि ती गाळल्याने अर्थही हलतो. ‘आनिमो’च्या पहिल्या ‘आ’वर रेघ असेल तर ‘धीर’, नसेल तर ‘मी उत्तेजन देतो’. उद्गारवाक्याच्या दोन्ही टोकांना चिन्ह हवं. ‘मेखोराते’ (बरी हो) लिहिताना ‘खो’मधल्या स्वरावर रेघ द्या. अर्जेंटिनात मात्र बोलण्यात जोर ‘रा’वर जातो आणि तिथले लोक ती रेघ देत नाहीत.