काळी मारबत

प्रिय चिऊ,

मामाने नागपूरहून पाठवलेला मारबतींच्या, म्हणजे इडापीडा घेऊन जायला सांगून जाळतात त्या बाईच्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीचा व्हिडिओ पाहून तू विचारलेस, "आई, वाईट बाई काळीच का? आणि तिला जाळायला नेताना सगळे हसतात का?" तेव्हा मी "नंतर सांगते" म्हणून भांडी विसळत राहिले.

पोळ्याच्या आधी आठवडाभर नागपुरातल्या आमच्या इतवारीच्या घराच्या अंगणात बांबूच्या कमच्या पडलेल्या असत. सांगाडा दादा आणि भाऊकाका बांधत. त्यावर रद्दी व रंगीत कागद चिकटवण्यासाठी मैद्याची खळ शिजवायचे काम माझे. हा आमच्या गल्लीचा बडग्या, म्हणजे मारबतीबरोबर निघणारा पुरुषाचा पुतळा, आणि त्याच्या गळ्यात दरवर्षी नवी पाटी असे. एका वर्षी 'रॉकेलची टंचाई घेऊन जा गे मारबत' असे लिहून भाऊकाकांनी पुतळ्याला रेशन दुकानदाराच्या मिशा लावल्या, आणि त्याच दुकानदाराने वर्गणी दिली होती हे त्यांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, मिरवणूक निघाल्यावर आठवले. जो अर्जाला उत्तर देत नाही त्याला कागदाच्या पुतळ्याने भर रस्त्यात जाब विचारता येतो, याचा मला अजूनही अभिमान वाटतो. दादा त्या पुतळ्यापुढे घसा बसेपर्यंत ओरडत जाई. मी मात्र गॅलरीतून पाहायची.

मोठ्या मारबतींची गोष्ट अवघड आहे. काळी १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि काळी म्हणजे इंग्रजांना सामील झालेली नागपूरकर भोसल्यांची राणी बाकाबाई, असे आजी सांगायची. लहानपणी मला ते पूर्ण पटले होते. आता वाटते, १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा केले ते इंग्रज साहेबाने, आणि शंभराहून अधिक वर्षे जळते आहे ती बाई. साहेबाचा पुतळा तेव्हा उघडपणे जाळता आला नसता, असे उत्तर मी देईन. त्यावर आता कोण अडवते आहे, असे तू विचारशील, आणि तिथे माझ्यापाशी उत्तर नाही.

मी सावळी म्हणून घरच्या कार्यात एक आत्या "आली काळी मारबत" म्हणायची. सगळे हसत, मीही हसत असे. तुझा प्रश्न मला लागला तो यासाठी.

यंदा तू बडग्या करावास असा माझा आग्रह नाही. पण करायचाच झाला, तर कमच्यांऐवजी खोक्याचा पुठ्ठा चालेल आणि खळ मी शिजवीन. पाटीवर काय लिहायचे आणि तोंडाला कोणता रंग द्यायचा, ते तू ठरव.

तुझी,
आई