रव्यात घोळलेले सैनिक आणि तिरळे डोळे

टेबलावरच्या युद्धखेळांचे बोटाएवढे सैनिक रंगवायला घेतलेल्यांचे प्रश्न या वेळी बरेच आले. वाचताना जाणवलं की निम्म्या तक्रारी रंगाच्या नाहीतच, पाण्याच्या आहेत. हवेतलं पाणी, रंगातलं पाणी, ब्रशच्या पोटातलं पाणी. रंगवायला शिकवणारे व्हिडिओ बनवणारा बहुधा थंड, कोरड्या देशात बसलेला असतो आणि आपण खाडीकाठी.

वॉरहॅमर ४०,००० या युद्धखेळाचे पाच सैनिक जोडले आणि जुलैत बाल्कनीत स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारला. वाळल्यावर अंगाला वाळू चिकटल्यासारखे खरखरीत झाले, मध्येमध्ये पांढुरकेही. डबा खराब निघाला का? (नेरूळ)

डबा बिचारा बहुधा ठीकच असेल. तुमच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी एकदम घडल्यात. खरखर येते ती स्प्रेचे थेंब सैनिकापर्यंत पोचायच्या आत हवेतच अर्धे सुकतात म्हणून. मग ते पसरत नाहीत, दाणे होऊन चिकटतात. फार लांबून फवारलं, वारा असला किंवा कडक ऊन असलं की हे होतं. पांढुरकेपणा मात्र दमटपणाचा. स्प्रेतलं द्रावण उडून जाताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर बसते. एसीच्या खोलीतून सैनिक थेट बाल्कनीत नेले असतील तर आणखी वाईट, आणि धातूचे असतील तर विचारूच नका.

माझी पहिली तुकडी मी नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर अशीच घालवली. दहा सैनिक, रव्यात घोळून तव्यावर जायला तयार असलेल्या बोंबलांसारखे. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी स्प्रेला हात लावत नाही. व्हायेहोसारख्या कंपन्यांचे ब्रशने लावायचे प्रायमर मिळतात, ते वापरतो. लावताना जाड वाटतात, पण सुकताना आकसून बारकाव्यांत नीट बसतात. रात्रभर राहू द्यायचे. घाईने दुसऱ्या तासाला नख लावलंत तर साल निघेल.

स्प्रेच मारायचा असेल तर पाऊस थांबलेला, वारा पडलेला दिवस बघा. डबा दोन मिनिटं हलवा. अंतर साधारण २० ते २५ सेंटिमीटर. फवारा सैनिकाच्या बाहेर सुरू करून त्याच्यावरून नेत पलीकडे थांबवायचा, एका जागी धरून ठेवायचा नाही. एका दमात पूर्ण काळा करायची हौस नको, दोन-तीन हलके हात पुरतात. मॅट वार्निशच्या (रंगकामावर शेवटी द्यायच्या, न चकाकणाऱ्या संरक्षक थराच्या) स्प्रेलाही हेच नियम, उलट जास्तच कडक. तिथे पांढरं झालं तर सगळी रंगवलेली मेहनत धुक्यात जाते.

झालेलं नुकसान? आधी जुन्या, कोरड्या टूथब्रशने घासून बघा, वरवरची खरखर जाते. नाही गेली तर प्लास्टिकचे सैनिक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास बुडवा आणि टूथब्रशने घासा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि गॅस किंवा देवापुढचा दिवा जवळ नको. रेझिनचे सैनिक मात्र यात बुडवू नका, काही रेझिन मऊ पडतात.

अकरावीत आहे, परदेशी रंग परवडत नाहीत. कॅमलचे रंग चालतील का? (कळवा)

पोस्टर कलर नको. ते सुकल्यावरही पाण्याने विरघळतात, दुसरा हात देताना पहिला निघून येईल. अ‍ॅक्रिलिक चालतील. पण ते कॅनव्हाससाठी केलेले असतात. जाडसर, थोडी चकाकी असलेले. पातळ करून दोन-तीन हात द्यावे लागतील. पिवळा आणि पांढरा फार छळतील. पिवळ्याखाली आधी फिकट तपकिरी लावून घे, काम निम्मं होतं.

बेसवरची (सैनिकाच्या पायाखालच्या चकतीवरची) माती, दगड, भिंती यांना हेच रंग उत्तम. त्यासाठी महागाची बाटली उघडणं मला उधळपट्टी वाटते. फेव्हिकॉल आणि चाळलेली रेती लाव, तपकिरी रंग दे. मग ब्रशवर फिकट रंग घेऊन तो कागदावर जवळपास पूर्ण पुसून टाक आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरव. यालाच ड्रायब्रश म्हणतात, आणि पहिल्याच दिवशी जमतं. पैसे साठले की तीनच गोष्टी घे: तपकिरी वॉश (घड्यांत उतरून सावली देणारा पातळ रंग), अशा छोट्या सैनिकांसाठीचा चंदेरी रंग (त्यातले कण फार बारीक असतात) आणि एक टोकदार ब्रश. बाटली थेंब पाडणारी बघ. झाकण उघडायच्या डबीतला रंग आपल्या पंख्याखाली लवकर आटतो.

सराव कशावर करायचा? दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे माळ्यावर असतील ना? पागोट्याच्या घड्या, ढाल, तलवार, सगळं आहे त्यांच्यावर. प्रायमरचा हात देऊन त्यांनाच रंगव. बिघडला तरी पुढच्या दिवाळीत तो बुरुजामागे उभा राहील.

रंग ‘दुधासारखा पातळ’ करा असं सगळे म्हणतात. मी करतो, तरी कधी ब्रशच्या रेघा, कधी सगळं ओघळतं. (ऐरोली)

दूध म्हणजे तबेल्यातलं म्हशीचं की पिशवीतलं टोन्ड, हे कोणी सांगत नाही. ती उपमा सोडा. अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढा. नखाच्या कडेला पळाली तर पाणी जास्त, केसांच्या खुणा राहिल्या तर कमी. रेघ जागेवर राहून सपाट सुकायला हवी. रंगाच्या एका थेंबाला पाण्याच्या अर्ध्या थेंबापासून सुरुवात करा.

तुमचं ओघळणं मात्र मला रंगातल्या पाण्यापेक्षा ब्रशच्या पोटातल्या पाण्याचं वाटतं. ब्रश धुतला की कापडाला टेका, रंग घेतला की पुन्हा एकदा टेका. या दुसऱ्या टेकण्याचा लोकांना कंटाळा येतो. पहिला हात डागाळलेलाच दिसणार, त्याला घाबरून लगेच वर रंग चढवू नका. पूर्ण सुकू द्या, मग दुसरा.

आणि ओली पॅलेट करा. जांभळी नाक्याला प्लास्टिकच्या दुकानात मिळेल असा उथळ, घट्ट झाकणाचा डबा, त्यात भिजवलेला स्पंज, वर केक भाजताना वापरतात तो बेकिंग पेपर. रंग तासन् तास ओला राहतो. पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, नाहीतर डबा उघडल्यावर घरचे तुमच्यासकट बाहेर काढतील.

वॉश लावला की खाकी कपड्यांवर चहा सांडल्यासारखे डाग पडतात. (तुर्भे)

सपाट भागावर थबथबून लावू नका, घड्यांत सोडा. साचलेला वॉश ओला असतानाच स्वच्छ, ओलसर ब्रशने टिपून घ्या. अर्धवट सुकल्यावर अजिबात हात लावायचा नाही, कडा तिथेच उमटतात. राहिलेल्या डागावर मूळ रंग पुन्हा फिरवा. सिटाडेल या रंगांच्या ब्रँडने २०१९ साली आणलेल्या कॉन्ट्रास्ट रंगांनाही हेच लागू. ते ‘एका हातात काम’ म्हणून विकले जातात आणि घडीदार कपड्यांवर, केसाळ अंगावर खरंच सुरेख बसतात. सपाट चिलखतावर मात्र तोच चहा.

मुलगा अकरा वर्षांचा आहे. चाकू, वास, रसायनं... काळजी वाटते. (खारघर)

ताई, पाण्यातले अ‍ॅक्रिलिक रंग फार काळजीचे नाहीत, फक्त ब्रशला टोक काढायला तो तोंडात घालायची सवय लागू देऊ नका. स्प्रे मोठ्या माणसाने, मास्क लावून, उघड्यावर. साच्याची शिवण (साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उरलेली रेघ) काढायला धार लागतच नाही, पात्याची पाठ पुरते. तरी अकराव्या वर्षी ते काम तुमच्यासमोरच. रेझिन प्रिंट (थ्रीडी प्रिंटरवर केलेला रेझिनचा सैनिक) घासायचं असेल तर पॉलिश पेपर ओला करून, म्हणजे भुकटी उडत नाही. न कडक झालेल्या, चिकट रेझिनला त्याचा हात लागता कामा नये.

डोळे! एक डोळा घोडबंदरकडे बघतो, दुसरा मुंब्र्याकडे. ०००० नंबरचा, अगदी बारीक ब्रशही आणला. (कासारवडवली)

तो ब्रशच अडचण आहे. त्याच्या पोटात रंगच मावत नाही, डोळ्यापर्यंत पोचेस्तोवर टोकावर सुकतो. १ नंबरचा, चांगल्या टोकाचा ब्रश घ्या.

गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा कारागीर कधी पाहिलाय? हात हवेत नसतो, टेकलेला असतो. तुम्हीही कोपरं टेबलावर, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवा. त्याची मूर्ती मोठी असते, तुमचा २८ मिमीच्या सैनिकाचा डोळा मिलिमीटरभरही नाही, म्हणून क्रम उलटा ठेवा: डोळे आधी, चेहरा नंतर. खोबणीत गडद तपकिरी भरा. त्यात फिकट राखाडीची आडवी रेघ, शुभ्र पांढरा नको, सैनिक भूत बघितल्यासारखा दिसतो. बुबुळाला ठिपका न देता वरून खालपर्यंत बारीक उभी रेघ ओढा. ठिपका भरकटतो, रेघ दोन्ही पापण्यांना टेकून राहते. आधी तुमच्या लिहित्या हाताला अवघड पडणारा डोळा करा, मग सोपा त्याच्याशी जुळवा. उरलेला पसारा त्वचेच्या रंगाने झाका.

तरी जमलं नाही तर खोबणीत नुसता तपकिरी वॉश सोडा. हातभर अंतरावरून कोणाला कळत नाही. आणि पुढची तुकडी जोडताना शिरस्त्राणवाली डोकी लावा, पुष्कळ संचांत दोन्ही प्रकारची मिळतात.