रात्री दीड वाजता मसाल्याचे डबे

प्रश्न : डॉक्टर, मी ३१ वर्षांची, हिंजवडीतल्या एका कंपनीत टेस्टिंगचं काम करते. मागच्या वर्षी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाण्याच्या त्रासाचं निदान झालं. मेथिलफेनिडेटची गोळी चालू आहे, तिने कामात लक्ष लागतं. रात्री मात्र झोप येत नाही. साडेअकराला दिवा मालवते आणि दीड वाजता ओट्यापाशी उभी राहून मसाल्याचे डबे पुसत असते. डोळा लागतो तीनला. उठायला उशीर झाला की गोळीही बाराला होते. साडेनऊच्या मीटिंगला गेल्या महिन्यात सहा वेळा उशिरा पोचले. मॅनेजर म्हणाले, 'कमिटमेंट दिसत नाही.' आई म्हणते, मोबाइल ठेव आणि डोळे मीट. ऑफिसात काय सांगू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मी त्या डब्यांपाशी थांबले. माझ्याकडे येणाऱ्यांत रात्री एकला कपाट आवरणारे, इस्त्री करत बसणारे कितीतरी आहेत, आणि प्रत्येकजण स्वतःला आळशी म्हणवून घेत येतो. तुम्ही आळशी नाही आहात. एडीएचडी असलेल्या पुष्कळ प्रौढांचं शरीराचं घड्याळच मागे चालतं. झोपेची चाहूल देणारं मेलॅटोनिन त्यांच्यात तास-दीड तास उशिरा वाढू लागतं.

तेव्हा साडेअकराला पडून राहायची सक्ती सोडा. झोप कधी लागेल हे आपल्या हातात नसतं, उठणं असतं. रोज, रविवारीसुद्धा, आठला उठा आणि अर्धा तास बाल्कनीत उजेडात बसा. सकाळचा उजेड हे घड्याळ हळूहळू अलीकडे ओढतो. गोळीची वेळ तुमच्या डॉक्टरांशी बोलून पक्की करा. जास्त तास चालणारी गोळी बाराला घेतली, तर तिचा असर रात्रीपर्यंत रेंगाळतो. दुपारनंतर कॉफी नको. रात्री पाय वळवळत असतील तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, रक्तातून तपासून घ्या, घोरत असाल तर तेही सांगा. मेलॅटोनिनच्या गोळ्या मनानेच सुरू करू नका.

आता ऑफिस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात एडीएचडीचं वेगळं नाव नाही. म्हणून नुसत्या निदानाच्या कागदावर विसंबू नका, नेमकी गोष्ट मागा. मेल असा लिहा : 'मला उशिरा झोप लागण्याचा वैद्यकीय त्रास आहे, उपचार चालू आहेत. सहा आठवडे माझी वेळ साडेदहा ते साडेसात ठेवून पाहूया. मीटिंग अकराला घेता येईल का? या काळातलं माझं काम तुम्हीच तपासा.' एडीएचडी हा शब्द सांगायचा की नाही, ते मॅनेजरांचा स्वभाव पाहून ठरवा.

'जमेल तेव्हा येईन' अशी मोकळीक मात्र मागू नका. पूर्वी मीच पेशंटना ती मागायला सांगायचे. दोघांची झोप पहाटे पाचवर गेली, तेव्हा माझी चूक मला कळली. साडेदहा म्हणजे साडेदहाच.

तुमचे मॅनेजर हे वाचत असतील तर त्यांना माझी कळकळीची विनंती : काम तोंडी न सांगता दोन ओळी लिहून द्या, आणि रात्री अकराला ग्रुपवर 'जरा बघता का?' असं टाकू नका. त्या एका मेसेजने हिची झोप आणखी लांबते.

आईंना म्हणावं, रात्री काही बोलू नका. सकाळी आठला हाक मारा आणि चहाचा कप बाल्कनीत नेऊन ठेवा.