आधी गाणं कागदावर उतरव

ठाणे

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल मिळाला, सोबतचं गाणंही ऐकलं. थर्ड शिफ्ट संपवून सकाळी घरी परतणाऱ्या बापावर त्याच्या मुलीने गाणं लिहावं आणि त्यात रडारड कुठेच नसावी, हे मला फार आवडलं. तुझ्या बँडमधल्या सगळ्यांना आवर्जून सांग.

तू विचारलंस, कॉलेजसाठी या गाण्याचा म्युझिक व्हिडिओ करतेय, त्याच्या रिसर्चला सुरुवात कुठून करू. आणि संदर्भ म्हणून म्युझिक व्हिडिओंच्या लिंकांची भलीमोठी यादी पाठवलीस. त्या मी बघितल्या. चांगल्या आहेत, पण आता काही आठवडे त्या उघडूच नकोस. त्यातली प्रत्येक फ्रेम कुणीतरी त्या त्या गाण्यासाठी शोधली होती. तुझ्या गाण्यातल्या बापाची फ्रेम त्यात कुठून असणार? ती आधी गाण्यात शोधायची आणि मग गावात.

पहिलं काम कागद-पेन्सिलीचं. तुझं गाणं 3 मिनिटं 20 सेकंदांचं आहे. ठेका केरव्याचा, आणि तुमच्या कीबोर्डवाल्याने लय मिनिटाला 96 मात्रांवर बांधली आहे. म्हणजे आठ मात्रांचं एक आवर्तन (तालाची एक फेरी) बरोबर पाच सेकंदांचं. 200 सेकंदांत 40 आवर्तनं. एका मोठ्या कागदावर 40 ओळी आख आणि हेडफोन लावून प्रत्येक ओळीत लिही: या पाच सेकंदांत शब्द कुठले, वाद्यं कुठली, नवीन काय आलं, काय थांबलं. हे एका बैठकीत होणार नाही. शब्दांसाठी एकदा ऐक, नुसत्या तबल्यासाठी एकदा, गिटारसाठी पुन्हा एकदा, आणि गायक श्वास कुठे घेतो तेवढंच पकडायला आणखी एकदा.

हा कागद भरलास की तुझ्या हातात पहिला खरा आराखडा येईल. तुझ्या मेलमधल्या कथेत दर दोन-तीन सेकंदांना नवीन शॉट आहे. पण दुसऱ्या अंतऱ्यानंतर तुमचा तबला एक अख्खं आवर्तन गप्प बसतो आणि फक्त हार्मोनियमचा सूर राहतो, हे तुझ्या लक्षात आलंय का? सबंध गाण्यातली ती सगळ्यात मोलाची जागा आहे. तिथे कट मारायचाच नाही. पाचही सेकंद एकच शॉट, आणि तोही असा की माणसाला बघत राहावंसं वाटेल. मी आयुष्यभर एडिटिंग टेबलावर बसले आहे, म्हणून खात्रीने सांगते: अशी जागा शूटिंगआधी सापडली तर तिच्यासाठी शॉट घेता येतो. शूटिंगनंतर सापडली तर हाताशी जे असेल त्यावर भागवावं लागतं.

त्याच कागदावर आणखी एक रकाना ठेव, चित्राचा. तुझ्या आराखड्यात ‘डबा’ शब्द आला की डबा दिसतो, ‘चहा’ आला की चहा. कान जे ऐकतोय तेच डोळ्यालाही दाखवलं तर बघणाऱ्याला करायला काही उरत नाही. डबा पहिल्या कडव्यातच दाखव, मोकळा, धुवून पालथा घातलेला. मग दुसऱ्या कडव्यात तो शब्द येईल तेव्हा बापाचे हात दाखव, किंवा मुलीची शाळेची तयारी. एखाद्या ठिकाणी शब्दाच्या अगदी उलटं चित्रही चालतं. ‘थकलोय’ म्हणताना तो हसत असेल तर ते जास्त लागतं. कुठे शब्दाला साथ द्यायची, कुठे त्यात भर घालायची आणि कुठे विरोधात जायचं, हे चाळीसही ओळींसाठी ठरव. कथा त्यातूनच बांधली जाईल.

आता माणसांकडे वळू. तुझ्या आराखड्यातला बाप अंधारात, पहाटे पाचला घरी येतो. का? ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपन्यांमध्ये थर्ड शिफ्ट बहुतेक ठिकाणी सकाळी सातच्या सुमाराला सुटते. रबाळे किंवा तुर्भ्याहून ट्रान्स हार्बरची लोकल पकडून तो ठाण्याला उतरेल आणि चालत घरी पोचेल तोवर आठ वाजत आलेले असतात. म्हणजे तो अंधारातून चालत नाही, चांगल्या लख्ख उन्हातून चालतो, आणि समोरून ताजी अंघोळ केलेली माणसं ऑफिसला निघालेली असतात. किती वेगळं चित्र झालं बघ! सगळ्यांचा दिवस सुरू होतोय आणि याचा संपतोय. हे तुला कुठल्याही लिंकमध्ये मिळालं नसतं. गाणं लिहिणाऱ्या मुलीच्या वडिलांनाच जाऊन भेट. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या दोघा-तिघांशी बोल. कॅमेरा नेऊ नकोस, वही ने. घरी आल्यावर आधी काय करता, झोपताना खिडकीला काय लावता, दुपारी कशाने जाग येते, असं साधंसुधं विचार. तुला ‘कसं वाटतं’ हे विचारायचं नाहीये, ‘काय करता’ हे विचारायचंय. कॉलेजच्या फाइलमध्ये ‘प्रेक्षकवर्ग’ आणि ‘रिसर्च’ नावाची जी पानं भरायची आहेत, त्यात याच वहीतल्या नोंदी तारखेसकट घाल.

जागा. येऊर, उपवन, तलावपाळी आणि पामबीच रोड, सगळंच तुला हवंय. माझं मत विचारशील तर एकच जागा घे आणि तीही ठाणे पूर्वेची: चेंदणी कोळीवाडा आणि पुढे मीठबंदरची खाडी. स्टेशनपासून चालत जाण्यासारखी आहे, म्हणजे बापाचा घरी जायचा रस्ता म्हणून पटते. खाडी पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळचं ऊन पाण्यावरून थेट अंगावर येतं. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, आठ-सव्वाआठपर्यंत ऊन चांगलं तिरपं असतं आणि गाण्यातल्या बापाची वेळही नेमकी तीच. पाण्याकडे कॅमेरा धरलास तर चेहरा काळा पडेल, म्हणून थर्माकोलची एक पांढरी शीट घेऊन कुणाला तरी उभं कर. मोठी लाइट भाड्याने आणायची गरज नाही.

पण खाडीवर शूट करायचं तर भरती-ओहोटी शिकायला हवी. कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. हा ढोबळ हिशोब समुद्राकाठचा आहे. खाडीत आत ठाण्यापर्यंत पाणी चढायला आणखी वेळ लागतो, म्हणून भरती-ओहोटीचं वेळापत्रकही बघ आणि आदल्या आठवड्यात स्वतः तिथे जाऊन घड्याळ लावून नोंद कर.

हे एवढं का सांगतेय? पौर्णिमेच्या आणि नंतरच्या एक-दोन सकाळी आठच्या आसपास तिथे ओहोटी असेल: लांबपर्यंत चिखल, कलंडलेल्या होड्या, चिखलात चोच खुपसणारे बगळे. आणि त्यानंतर आठवड्याने, अष्टमी-नवमीला, त्याच वेळी आणि त्याच उन्हात पाणी भरलेलं असेल, होड्या उभ्या असतील. जागा तीच, कॅमेऱ्याची उंची तीच, चालणारा माणूस आणि त्याचा शर्ट तोच. पहिलं कडवं चिखलाचं, शेवटचं पाण्याचं. मध्ये ना इफेक्ट, ना स्लो मोशन. अष्टमी-नवमीची, म्हणजे भांगाची भरती पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाइतकी वर चढत नाही, तेव्हा पाणी काठोकाठ येईलच असं धरून बसू नकोस. होड्या तरंगल्या तरी तुझं काम झालं. तुझ्या गाण्यात ‘पुन्हा भरून येतं’ अशी ओळ आहे ना? तिच्यावर मात्र पाणी दाखवू नकोस. दोन आवर्तनं आधी दाखव.

जमिनीवर चॉकने किंवा डांबरावरच्या एखाद्या खुणेने तिवईच्या तीन पायांच्या जागा नक्की करून त्यांचा फोटो काढून ठेव. आठवड्याने तिथेच उभं राहायचंय. डबा कुठल्या हातात, पिशवी कुठल्या खांद्यावर, बाही दुमडलेली की सोडलेली, हे बघायला एका मुलीला नेम. तिला दुसरं कुठलंच काम देऊ नकोस.

तिथे माणसं राहतात आणि जाळी वाळत घालतात, मासळीही वाळत घालतात. आधी दोन-तीनदा नुसती जाऊन ये. कोळीवाड्यातल्या मोठ्या माणसांना भेट, काय करणार ते सांग, गाणं ऐकव. चेहरा ओळखू येईल अशा प्रत्येकाची लेखी संमती घे, लहान मूल असेल तर त्याच्या आईवडिलांची. तिवरांत उतरू नकोस. ती संरक्षित आहेत आणि त्या चिखलात पाय मांडीपर्यंत रुततो.

परवानग्यांचं थोडक्यात. रस्त्यावर तिवई लावायची तर महापालिका आणि जवळचं पोलीस ठाणे, दोन्हीकडे कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र घेऊन महिनाभर आधी जा. लोकलमध्ये आणि प्लॅटफॉर्मवर चोरून शूट करायचं नाही, रेल्वेची परवानगी लागते. ती मिळण्यात वेळ जाईल, म्हणून गाडी दाखवूच नकोस. बाहेरच्या रस्त्यावरून गाडीचा आवाज तेवढा रेकॉर्ड कर आणि गाणं सुरू होण्याआधी वापर. येऊर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं, तो नाद सोड. ड्रोनही सोड. 250 ग्रॅमच्या आतला असला तरी कुठे उडवता येतो याचे नकाशे आणि नियम आहेत, आणि तुझ्या गाण्यात वरून बघणारं कुणीच नाही.

घरातले शॉट ट्यूबलाइटखाली आहेत. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. मोबाइल आपोआप सेकंदाला 30 फ्रेमवर असतो आणि मग चित्रावर काळे पट्टे फिरताना दिसतात. सेटिंग 25 फ्रेमवर ने, शटर 1/50 सेकंदावर कायम कर, एक्स्पोजर आणि फोकस लॉक कर. टेस्ट शूट त्याच स्वयंपाकघरात, त्याच दिव्याखाली कर. गायक ओठ हलवतो त्या शॉटसाठी स्पीकरवर गाणं वाजवायचं, आणि कॅमेऱ्याचा माइक चालूच ठेवायचा, म्हणजे एडिटला जुळवता येतं. गाण्याच्या आधी तीन टिकटिक जोडून घे. ओठ हलवत स्लो मोशन हवीच असेल तर 50 फ्रेमवर शूट कर आणि गाणं दुप्पट वेगाने वाजव. गायकाला त्याचा आधी सराव लागेल.

यासाठी एक अट आहे: शूटिंगच्या दिवशी वाजणारं गाणं हे शेवटचंच गाणं असलं पाहिजे. बँडवाले म्हणतील, ‘मिक्स बदलू, लय जरा वाढवू.’ लय 96 ची 98 झाली की तुझा चाळीस ओळींचा कागद फुकट आणि ओठही जुळणार नाहीत. त्यांना आत्ताच तारीख दे, आणि त्या तारखेनंतर लयीला आणि लांबीला हात लावायचा नाही असं सगळ्यांसमोर ठरवून घे. त्याच बैठकीत गीत, संगीत आणि गायन कुणाचं, आणि तुला व्हिडिओसाठी गाणं वापरायला दिलंय, हे एका कागदावर लिहून सह्या घे. मैत्री आहे म्हणूनच घे.

मधल्या म्युझिकमध्ये एका जुन्या रेकॉर्डमधला तुकोबांचा अभंग घालायचं म्हणतेस. तुकोबांच्या शब्दांवर आज कुणाचा हक्क नाही. पण ती चाल एका संगीतकाराने बांधली आहे आणि रेकॉर्डिंग कंपनीचं आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, रेकॉर्डिंगचा प्रकाशनानंतर 60 वर्षं. तेवढा तुकडा विनापरवाना वापरलास तर अपलोड करताच व्हिडिओ अडकू शकतो. तुमच्या गायकाची आजी भजनात जाते असं तूच लिहिलंयस. तिला पारंपरिक चालीत म्हणायला सांग आणि तिच्या घरीच, पंखा बंद करून रेकॉर्ड कर. मला तर ते त्या जुन्या रेकॉर्डपेक्षा जास्त ऐकावंसं वाटेल.

शूटिंगच्या आधी शेवटचं एक काम: चाळीसही ओळींसाठी मोबाइलवर साधे फोटो काढ, बापाच्या जागी कुणालाही उभं कर, आणि ते फोटो गाण्यावर ओळीने लाव. असा कच्चा व्हिडिओ एका संध्याकाळी होतो. तो ज्याला तुझी कथा माहीत नाही अशा माणसाला आवाज बंद करून दाखव आणि काय घडलं ते त्याला सांगायला लाव. तू मधे बोलायचं नाहीस. जिथे तो अडखळेल तिथला शॉट बदल.

मुख्य खर्च स्पीकरचं भाडं, सगळ्यांचा चहा-नाश्ता, रिक्षा आणि दोन हार्ड डिस्क एवढाच. डिस्क दोन हव्यातच, दोन्हींवर तेच फुटेज, आणि शूटिंगच्या दिवशी त्या दोन वेगवेगळ्या माणसांच्या घरी जायला हव्यात.

आधी मला चाळीस ओळींचा कागद फोटो काढून पाठव, चित्राचा रकाना रिकामा ठेवूनच. तो आपण फोनवर बोलून भरू. मीठबंदरच्या पाण्याच्या नोंदी घेतल्यास की त्याही पाठव, म्हणजे दोन सकाळी कुठल्या ते ठरवता येईल. आईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी