महिन्याला सर्दी का होते? विषाणूच्या बाजूने थोडं सविस्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मधेच वाचायला आलेल्यांनाही कळेल. मुलगी साडेतीन वर्षांची. जूनमध्ये बालवाडीत घातली आणि तेव्हापासून महिन्याला एक सर्दी. त्यात दोनदा छातीत घरघर होऊन नेब्युलायझर लावावा लागला. धाकटा चार महिन्यांचा. राहायला सोलापूरजवळ कुंभारीच्या घरकुलात, सासूबाई घरी विड्या वळतात. एकाने सांगितलं की व्हायरस सारखा म्युटेट होतोय, म्हणजे स्वतःला बदलतोय, म्हणून औषध लागू पडत नाही. दुसऱ्याने प्रतिकारशक्तीचं टॉनिक सुचवलं. यातलं खरं काय, आणि बालवाडी बंद करू का, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही, मायक्रोबायोलॉजी शिकवण्यात माझी नोकरी गेली. तेव्हा विषाणूबद्दल मोकळेपणाने बोलतो. मुलीचं औषध तुमच्या बालरोगतज्ज्ञांनीच ठरवायचं.

म्युटेट होण्याची गोष्ट अर्धी खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळे लोक उगाच घाबरतात. साध्या सर्दीचा सर्वांत मोठा मानकरी म्हणजे ऱ्हायनोव्हायरस. हा पोलिओच्याच कुळातला, पण पोटातल्या आम्लात टिकत नाही, म्हणून नाकाघशात राहतो. त्याची सगळी माहिती आरएनए नावाच्या रेणूच्या एका धाग्यात, जेमतेम ७,२०० अक्षरांत मावते. हा धागा नकलून काढणाऱ्या एंझाइमला स्वतःच्या चुका तपासता येत नाहीत. त्यामुळे ढोबळमानाने दर नकलेत एखादी चूक राहून जाते. एका सर्दीत नाकात अशा असंख्य नकला तयार होतात. बहुतेक चुकांनी विषाणूचंच नुकसान होतं, काहींनी काहीच होत नाही, आणि क्वचित एखादी त्याच्या पथ्यावर पडते. करोनाव्हायरसचा धागा याच्या चौपट लांब, पण त्याच्याकडे चुका दुरुस्त करणारं वेगळं एंझाइम असतं. म्हणजे चुका करण्यात ऱ्हायनोव्हायरस करोनापेक्षा पुढे आहे.

तरीही तुमच्या मुलीला महिन्याला सर्दी होते, त्याचं कारण विषाणू या महिन्यात बदलला हे नाही. इन्फ्लुएंझाचा नवा अवतार आला की तो जुन्याला बाजूला सारतो, म्हणून त्याची लस दरवर्षी नव्याने ठरवावी लागते. ऱ्हायनोव्हायरसमध्ये तसं होत नाही. त्याचे बदल फार पूर्वीपासून साठत आले आणि त्यातून वेगवेगळे प्रकार झाले. ते सगळे आजही एकाच वेळी फिरतात, कुणी कुणाला हटवत नाही. शास्त्रज्ञ या प्रकारांना क्रमांक देत गेले आणि १९८७ साली शंभरावर पोचले. २००६ मध्ये न्यूयॉर्क आणि ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळांना रुग्णांच्या नमुन्यांत एक संपूर्ण नवी शाखा सापडली. ती प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पेशींवर वाढतच नव्हती, म्हणून इतकी वर्षं कुणाला दिसली नव्हती. आज ए, बी आणि सी अशा तीन जाती मानतात. ए मध्ये सुमारे ८० प्रकार, बी मध्ये तीसहून थोडे जास्त, सी मध्ये पन्नासहून जास्त, मिळून १६० च्या वर. नवा प्रकार कधी मानायचा? कवचातल्या व्हीपी१ प्रथिनाच्या जनुकात साधारण १२-१३ टक्के अक्षरं वेगळी निघाली तर.

जाता जाता एक गंमत. त्या जुन्या शंभरातला ८७ क्रमांकाचा ऱ्हायनोव्हायरस पुढे जनुकं तपासल्यावर ऱ्हायनोव्हायरस निघालाच नाही. तो एन्टेरोव्हायरस डी६८ होता, कॅलिफोर्नियात १९६२ मध्ये न्यूमोनिया झालेल्या मुलांत सापडलेला. त्याच डी६८ ने २०१४ मध्ये अमेरिकेत हजाराहून जास्त रुग्णांना, मुख्यतः मुलांना, श्वासाच्या त्रासाने दवाखान्यात पोचवलं. घरात आपण ज्याला सरसकट 'व्हायरल' म्हणतो त्यात असे वेगवेगळ्या खानदानातले लोक बसलेले असतात.

आता मुलीचा हिशेब बघा. एका प्रकाराची सर्दी झाली की त्या प्रकाराविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात, पण शेजारच्या प्रकाराला त्या फारशा लागू पडत नाहीत. विषाणूच्या कवचावर अँटीबॉडीला सहज सापडणारी टोकं प्रकारागणिक वेगळी असतात. पेशीला चिकटण्याची जागा मात्र खोल घळीत असते आणि ती फारशी बदलत नाही. हे कवच १९८५ मध्ये मायकेल रॉसमन या शास्त्रज्ञांच्या गटाने अणूंच्या पातळीवर उलगडून दाखवलं. म्हणजे शंभर-दीडशे ऱ्हायनोव्हायरस, शिवाय आरएसव्ही, पॅराइन्फ्लुएंझा, अॅडिनोव्हायरस, मेटान्यूमोव्हायरस आणि सर्दीचे चार जुने करोना. घरातून पहिल्यांदाच बाहेर पडलेलं मूल यांना एकेक करून भेटतं. वर्षाला सहा ते आठ सर्द्या या वयाला सर्वसामान्य आहेत, बालवाडीतल्या मुलांना याहून जास्तही होतात. यात प्रतिकारशक्ती कमी असल्याचा पुरावा काहीच नाही. उलट ती कामाला लागली आहे. त्यामुळे टॉनिकचे पैसे वाचवा. वारंवार न्यूमोनिया, कानातून सारखा पू, वजन न वाढणं, तोंडात हटत नसलेली बुरशी, असं काही असेल तरच प्रतिकारशक्तीच्या तपासणीचा विषय काढायचा.

लस का नाही, याचं उत्तरही याच गर्दीत आहे. एकेका प्रकाराची लस जुन्या काळी करून पाहिली. ती त्या प्रकारापुरती चालायची, बाकीचे मोकळेच. २०१६ मध्ये अमेरिकेत ५० प्रकार एकत्र घातलेली लस माकडांना दिली, तेव्हा जवळजवळ सगळ्यांविरुद्ध अँटीबॉडी तयार झाल्या. माणसांसाठी मात्र अशी लस अजून बाजारात नाही. औषधाचंही तेच. प्लेकोनॅरिल नावाची गोळी २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांपुढे गेली आणि नामंजूर होऊन परत आली.

खरा विचार करायला हवा तो घरघरीचा. वीस मुलांना एकाच वेळी सर्दी होते, अठराजण शेंबूड पुसत खेळतात आणि दोघांची छाती भरते, असं का? यात तीन गोष्टी एकत्र येतात.

पहिली, विषाणूची जात. ए आणि सी या जाती बी पेक्षा जास्त त्रास देतात, आणि घरघरीने दाखल झालेल्या लहान मुलांत सी वारंवार सापडते. दुसरी, मुलाची स्वतःची जनुकं. २०१४ मध्ये डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी दम्याच्या तीव्र झटक्यांनी दवाखान्यात जाणाऱ्या दोन ते सहा वर्षांच्या मुलांची जनुकं तपासली. त्यात सीडीएचआर३ नावाच्या जनुकातला एक छोटा बदल ठळकपणे पुढे आला. हे जनुक नेमकं काय करतं ते तेव्हा माहीत नव्हतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या गटाने दाखवलं की सी जातीचा विषाणू याच प्रथिनाला धरून पेशीत शिरतो, आणि त्या बदलामुळे हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर जास्त येतं. म्हणजे दारं जास्त. हे प्रथिन श्वासनलिकेतल्या केसाळ पेशींवर असतं, कफ वर ढकलणाऱ्या पेशी त्याच. विषाणूची जनुकं आणि मुलाची जनुकं इतकी नेमकी एकमेकांना भिडलेली फार कमी आजारांत दिसतात. मी वर्गात हा भाग शिकवताना तास संपल्याची घंटा विसरायचो.

म्हणून 'आमच्याच मुलीला का' याचं उत्तर तुमच्या स्वयंपाकात किंवा काळजीत शोधू नका. घरात कुणाला दमा, शीतपित्त, खाज, सारख्या शिंका असा इतिहास असेल तर तो डॉक्टरांना जरूर सांगा. विस्कॉन्सिनमध्येच जन्मापासून मुलांचा पाठपुरावा केला, त्यात पहिल्या तीन वर्षांत ऱ्हायनोव्हायरसने घरघर झालेल्या मुलांना सहाव्या वर्षी दमा असण्याची शक्यता सुमारे दहापट निघाली. ती मुलं ॲलर्जीच्या घरातली होती, हेही लक्षात घ्या. आणि विषाणूने दमा निर्माण केला की आधीच नाजूक असलेली श्वासनलिका त्याने उघड केली, यावर अजून वाद चालू आहे. त्यामुळे 'दमा लागला' म्हणून आत्ताच रडत बसू नका. या वयात घरघरणाऱ्या अनेक मुलांचा त्रास शाळेच्या वयापर्यंत आपोआप जातो. डॉक्टरांनी स्पेसर (पंपापुढे बसवायची नळी) लावून पंप दिला असेल तर तो द्या. पंपाची सवय लागते हा गैरसमज आपल्याकडे फार घट्ट बसलाय. तोंडाने दिलेल्या औषधापेक्षा पंपातून फुप्फुसात जाणारी मात्रा कितीतरी कमी असते.

तिसरी गोष्ट हवा, आणि आपल्या हातात आहे ती एवढीच. सोलापूरची कोरडी धूळ, जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेतली गर्दी, पूर्व भागातल्या यंत्रमागांची तूस, हे तुम्ही बंद करू शकत नाही. विड्या वळणं बंद करा असं सांगणाऱ्याला इथल्या घरांचा जमाखर्च ठाऊक नाही. पण सूप घेऊन बसायची जागा मुलांच्या झोपायच्या खोलीपासून लांब, दाराशी किंवा व्हरांड्यात ठेवता येते. तंबाखू चाळताना मुलं बाहेर खेळू देत. काम उठल्यावर सासूबाईंनी हात धुऊन, साडी बदलून मगच बाळाला घ्यावं. केर काढण्यापेक्षा ओलं फडकं फिरवा. घरात कुणी विडी ओढत असेल तर त्याला उंबऱ्याबाहेर पाठवा, यात तडजोड नको. आणि बाळाला आंघोळीनंतर देतात ती ओवा-वेखंडाची धुरी कृपा करून थांबवा. आजीचा राग सहन करा. धूर तो धूरच, शेगडीचा असो की विडीचा.

हात साबणाने धुवायची सवय लावा. ऱ्हायनोव्हायरसला चरबीचं आवरण नसतं, म्हणून सॅनिटायझर त्याच्यावर इन्फ्लुएंझाइतका चालत नाही. २०२० मध्ये फ्लू आणि आरएसव्ही जगभर जवळजवळ गायब झाले, तेव्हाही हा पठ्ठ्या फिरतच होता. हाँगकाँगमध्ये शाळा उघडल्या आणि मुलांच्या तोंडाला मास्क असूनही सर्दीची साथ आली.

औषधांचं पटकन सांगतो. साध्या सर्दीत अँटिबायोटिकचा उपयोग नाही, मेडिकलमधून स्वतःहून 'अॅझी'ची बाटली आणू नका. शेंबूड हिरवा झाला म्हणजे जंतू झाले असंही नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याचं सिरप देऊच नये, आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावं, असं केंद्रीय आरोग्य खात्याने २०२५ मध्ये पुन्हा बजावलं. छिंदवाड्यात भेसळीच्या सिरपने मुलं दगावली ती त्याच सुमारास. मुलीला झोपताना चमचाभर मध चालेल. धाकट्याला मध वर्षाचा होईपर्यंत नको आणि कापराची पोटलीही नको. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब दोघांनाही चालतात. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, त्यात डॉक्टर बदलत बसू नका.

बालवाडी बंद करू नका. अमेरिकेत ॲरिझोनातल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झालाय. लहानपणी पाळणाघरात गेलेल्यांना सुरुवातीला सर्द्या जास्त झाल्या, पण सहा ते अकराच्या वयात घरी वाढलेल्या मुलांपेक्षा कमी झाल्या. फक्त ताप किंवा घरघर असेल त्या दिवशी घरी ठेवा.

माझी काळजी मुलीपेक्षा धाकट्याची आहे. मुलगी बालवाडीतून जे आणते ते याच्या नाकात जातं, आणि चार महिन्यांच्या बाळाच्या बारीक श्वासनलिका थोड्याशा सुजेनेही बंद होतात. या वयात आरएसव्ही जास्त धोक्याचा. खरोखर 'बदलणारा' विषाणू बघायचा तर तो हा. १९९९ मध्ये ब्यूनोस आयर्समध्ये त्याच्या जी प्रथिनाच्या जनुकात ६० अक्षरांचा तुकडा दोनदा आलेला सापडला, २०१० मध्ये कॅनडाच्या ओंटारियोत ७२ अक्षरांचा. दोन्ही वाण काही वर्षांत जगभर पसरले आणि आपापल्या गटातल्या जुन्यांना मागे सारून बसले. बाळाच्या उपचारात मात्र याने फरक पडत नाही, वाण कुठलाही असो लक्षणं तीच बघायची. मुलीला सर्दी असताना तिला बाळाच्या तोंडाजवळ पापे घेऊ देऊ नका. अंगावरचं दूध चालू ठेवा.

आणि श्वास मोजायला शिका. दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाचा मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बरगड्यांखाली खळी पडत असेल, बाळ दूध ओढत नसेल, कण्हत असेल, सुस्त पडलं असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच सिव्हिलला किंवा जवळच्या मुलांच्या दवाखान्यात गाठा. 'डबा झाला' (बाळाची छाती भरली की जुनी माणसं म्हणतात तसं) म्हणून पोटावर बिब्बा घालण्यात वेळ घालवू नका. मोजताना बाळ शांत किंवा झोपलेलं असावं, अंगावरचा कपडा वर सारा आणि मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावा. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नका. तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही, हिशेब चुकतो.