मंडळाच्या टी-शर्टांवरचा स्क्रीन प्रिंट दोन धुण्यांतच तडकला: दोष कापडाचा की शाईचा?

बहुतेक वेळा दोष दोघांचाही नसतो, शाई पुरती भाजलेली नसते. टी-शर्टवर जाड, रबरासारखा लागणारा प्रिंट असेल तर ती प्लास्टिसोल शाई. ती हवेवर वाळतच नाही. तिचा अख्खा थर साधारण १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापला, तरच एकजीव होऊन धाग्यांना धरतो. घाईत वरची साय तेवढी घट्ट होते, खालचा थर कच्चाच राहतो आणि पहिल्या धुण्यात पितळ उघडं पडतं. (ऑर्डर उत्सवाच्या आदल्या रात्री दिली असेल, तर प्रिंटरला तरी किती बोलणार!)

माल ताब्यात घेतानाच एक टी-शर्ट प्रिंटवर दोन्ही हातांनी ताणून पाहा. भेगा पडल्या तर सगळा गठ्ठा परत भाजायला द्या. न तडकलेले टी-शर्ट हीट प्रेसखाली (तापलेल्या सपाट पाट्याने कापड दाबणारं यंत्र) पुन्हा नीट तापवले तर बहुधा वाचतात. घरच्या इस्त्रीने उष्णता सगळीकडे सारखी लागत नाही.

मात्र हे सुती कापडापुरतं. पॉलिस्टरच्या जर्सीला एवढी उष्णता दिली तर कापडाचा रंग शाईत उतरतो, लाल जर्सीवरचा पांढरा आकडा गुलाबी होतो. तिथे कमी तापमानाला पक्की होणारी शाईच मागा.